पहिलं बरं की दुसरं

"क्रमानं म्हणजे क्रमानं," चष्मेवाले उभे राहून म्हणाले, आणि आपला आवाज जरा जास्तच चढला हे त्यांच्याही लक्षात आलं. "माणसानं जो सिनेमा आधी काढला, तो आधी बघायचा. यात मतं कसली घ्यायची?"

वाचनालयाच्या वरच्या दालनात अकरा माणसं बसली होती. कित्येक वर्षांपूर्वी बंद पडलेलं फिल्म मंडळ पुन्हा सुरू व्हायचं होतं, आणि सुरुवात एका परदेशी दिग्दर्शकापासून करायची यावर एकमत होतं. हा बाबा उभ्या आयुष्यात नऊ सिनेमे काढून गेला. त्याच्या सिनेमात कोणी कोणाला मारत नाही, कोणी गात नाही. माणसं खिडकीपाशी उभी राहतात आणि बऱ्याच वेळानं एक वाक्य बोलतात. एका लांबच्या संस्थेकडून टपालानं महिन्याला एक डिस्क येणार, पहिल्या शनिवारी दुपारी ती दाखवायची आणि परत पाठवायची. असे नऊ महिने. प्रश्न एवढाच होता, की पहिल्यापासून बघायचे की शेवटून.

शेवटून बघू, असं सुचवलं होतं खुद्द चष्मेवाल्यांच्या बायकोनं. पहिले पाच जुन्या मंडळींनी पाहिलेत, ती म्हणाली, पुढचे चार कोणीच पाहिलेले नाहीत. तर नववा आधी लावू, मग आठवा, आणि सवडीनं मागे येऊ. चारचौघांत ती फारसं बोलत नसे. त्या दिवशी मात्र पर्स मांडीवर घट्ट धरून बोलली. तिचं बोलणं संपतं न संपतं तोच समोरच्या रांगेतून एक भरदार आवाज आला.

"वाचकबाई म्हणतात तेच बरोबर आहे."

वाचकबाई. छत्तीस वर्षं संसार केलेल्या बायकोला असलं काही नाव आहे, हे चष्मेवाल्यांना त्या दुपारी कळलं. आणि म्हणून ते उभे राहिले. नाहीतर सिनेमा उलटा दाखवा नाहीतर आडवा, त्यांना काय फरक पडत होता?

हात वर झाले. सहा विरुद्ध पाच. सहावा हात चष्मेवाल्यांचा होता.

तो भरदार आवाज होता घोषणावाल्यांचा. हे गृहस्थ रेल्वे स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करत. बदली होऊन लांब गेले, निवृत्त झाले आणि आता याच गावात येऊन राहिले. उंच, अजून ताठ, केस सगळे पांढरे पण जागच्या जागी. आवाज असा, की गाडी तीन तास उशिरा आहे हेसुद्धा त्यांच्या तोंडून ऐकताना बरं वाटावं. मंडळ पुन्हा सुरू करायची कल्पनाही त्यांचीच, आणि जुन्या सभासदांत पहिला निरोप धाडला तो वाचकबाईंना.

जुन्या काळी मंडळात येणाऱ्या परदेशी सिनेमांच्या खाली आपल्या भाषेतल्या ओळी नसत. संवादांचं भाषांतर टंकलेल्या कागदांवर वेगळं यायचं, आणि कोणीतरी काळोखात, छोट्या दिव्यापाशी बसून, पडद्यावरचं माणूस बोललं की मागोमाग ते माइकमधून वाचायचं. पुरुषांचे संवाद घोषणावाले वाचत. बायकांचे ही वाचायची. चार वर्षं, प्रोजेक्टरशेजारच्या फळीच्या खोलीत, एका माइकवर दोघं.

लग्न ठरताना तिनं हे लपवलं होतं असं नाही. "फिल्म मंडळात वाचते," असं तिनं सरळ सांगितलं होतं. चष्मेवाल्यांना वाटलं, सभेचा वृत्तांत वगैरे वाचत असेल. त्यांनी मान डोलावली आणि विषय तिथंच मिटला. आता त्या मान डोलावण्याचा त्यांना भयंकर राग येत होता. चार वर्षं ही बाई काळोखात बसून परक्या पुरुषाला 'तू गेलास तर मी कोणाकडे बघू' असं विचारत होती, तो तितक्याच मायेनं उत्तरं देत होता, आणि आपण वृत्तांत समजून बसलो. उरलेल्या चार सिनेमांवर हिचं मन आहे, आणि पहिले पाच मागे ढकलायचेत, ते का? तर ते त्या दोघांचे आहेत. आपण त्यात नाक खुपसू नये म्हणून. दोघांचं आधी ठरलंय. बरं तर. आता पहिल्यापासूनच बघायचे, एकही चुकवायचा नाही.

असा त्यांचा हिशेब. आणि एकदा का माणसाला असा हिशेब सुटला, की त्यात चूक असेल हे त्याला देव सांगायला आला तरी पटत नाही.

एरवी चष्मेवाले चूक काढण्यात पटाईत. भर बाजारात कोपऱ्यावर दोन खणांचं दुकान, पुढे काचेचं कपाट, मागे नंबर काढायची अंधारी खोली. चाळीस वर्षं तिथं उभं राहून लोकांच्या नाकावर लोखंडी चौकट चढवायची, भिंगं बदलायची आणि विचारायचं, "पहिलं बरं की दुसरं?" शंभरातली नव्वद माणसं म्हणतात, "परत एकदा दाखवा." मग परत दाखवायचं. चिडायचं नाही. आवाज सपाट ठेवायचा, कारण आवाजात जरा जरी कल दिसला तरी गिऱ्हाईक तुमच्या मनासारखं उत्तर देऊन मोकळं होतं. चाळीस वर्षांत त्यांचा आवाज इस्त्री केल्यासारखा झाला होता. त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नव्हतं. आता ते रोज सकाळी मिठाच्या गुळण्या करू लागले.

पहिल्या सिनेमाला ते सगळ्यात आधी जाऊन बसले. घोषणावाल्यांनी दोन शब्द सांगितले, दिवे गेले, पडद्यावर दोन बहिणी एका आटलेल्या विहिरीकडे बघत उभ्या राहिल्या. आता संवाद खाली उमटत होते, वाचायला कोणी लागत नव्हतं. चष्मेवाल्यांनी सहज बायकोकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते. खालची ओळ उमटायच्या आधीच. धाकटी बहीण पडद्यावर तोंड उघडायची आणि हिच्या ओठांवर शब्द तयार.

सबंध सिनेमाभर चष्मेवाल्यांनी पडदा पाहिला म्हणून नाही. त्यांनी बायकोचे ओठ पाहिले. छत्तीस वर्षांत नवऱ्याच्या दुकानाचा फोन नंबर जिला दोनदा विचारावा लागला, तिला हे सगळं शब्दन् शब्द पाठ.

दुसऱ्या सिनेमाला तेच. तिसऱ्याला तर कहर झाला. त्यात एक घड्याळं दुरुस्त करणारा विधुर आणि एक कपडे धुणारी बाई. दोघांचं जमतं पण जमत नाही. तो विचारतो, "उद्या येशील?" आणि ती म्हणते, "उद्या तू दार उघडशील?" हे म्हणताना बायको किंचित हसली. आणि तिचे डोळे पडद्यावर नव्हतेच. पडद्याच्या डाव्या बाजूला, भिंतीशी, जिथं घोषणावाले स्टूल टाकून बसायचे, तिकडे होते. चष्मेवाल्यांनी नीट खात्री करून घेतली. मान जराशी वळलेली, नजर पडद्याच्या कडेला.

चौथ्या सिनेमाला पुन्हा तिकडेच नजर, आणि पाचव्याला तर जास्तच.

घरी येताना ती एकदा म्हणाली, तुम्हाला सिनेमाची गोडी लागली हे फार बरं झालं. यावर चष्मेवाल्यांच्या अंगाचा जो तिळपापड झाला, तो त्यांनी चालण्याचा वेग वाढवून जिरवला. ती मागे राहिली. फुटपाथच्या पायरीशी थांबून पायानं चाचपून उतरली. चपलेचा अंगठा तुटला असेल असं त्यांना वाटलं. दुकानातही त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एका शिक्षिकेला त्यांनी डाव्या डोळ्याचं भिंग उजवीकडे बसवून दिलं आणि वर तिलाच विचारलं, की बाई, तुम्ही नीट बघत तरी होता का.

सहावा सिनेमा आला. हा तिनं वाचलेला नव्हता, लग्नानंतरचा होता. चष्मेवाले नवी कोरी पँट घालून गेले. सिनेमा सुरू झाला, आणि तिचे ओठ मिटलेले राहिले. एक ओळ झाली, दहा झाल्या, ओठ हलले नाहीत. चष्मेवाल्यांना असा आनंद झाला, की त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा त्या दिग्दर्शकाचा सिनेमा धड पाहिला. बोटीवर कामाला गेलेला थोरला भाऊ, त्याची वाट बघणारं घर. मध्यावर एक पत्र येतं, बहीण ते वाचते आणि घडी करून डब्यात ठेवून देते. पत्रात भाऊ बुडाल्याचं लिहिलेलं असतं. ती कोणाला सांगत नाही. शेवटपर्यंत जेवायला त्याचं ताट मांडतात. हा आपला, चष्मेवाल्यांनी मनात म्हटलं. इथून पुढचे आपले.

सिनेमा संपला. जिन्याच्या वळणावर घोषणावाले समोर उभे होते, तीन पायऱ्या खाली, बायकोकडे बघून हसत. आणि बायकोनं त्यांच्याकडे सरळ पाहिलं आणि ओळखच दिली नाही. चष्मेवाल्यांना वाटलं, जिन्यातच लाडू वाटावेत.

"कसा वाटला, वाचकबाई?" घोषणावाले म्हणाले.

आवाज ऐकला मात्र, तिचा चेहरा फुलला. "अय्या, तुम्ही होय," ती म्हणाली.

चष्मेवाल्यांच्या आनंदाला तिथंच चीर गेली. मत्सरानं नाही, पहिल्यांदाच दुसऱ्या कशानं तरी. तीन पायऱ्यांवरचं माणूस. भर दुपारचं ऊन खिडकीतून त्याच्या तोंडावर. आणि हिनं ओळखलं ते आवाजावरून.

रस्त्यात त्यांनी विषय काढला. ते पत्र फार छान दाखवलं, नाही, ते म्हणाले. हो ना, ती म्हणाली. थोडं चालून तिनं विचारलं, "तो भाऊ पुढं येत असेल ना हो परत? त्यांनी दाखवलं नाही, पण येत असेल."

पत्रातला मजकूर पडद्यावर चांगलं अर्धं मिनिट होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुकान बंद. त्यांनी तिला म्हटलं, चल, तुझा नंबर काढायचा राहिलाय यंदा. ती आढेवेढे घेऊ लागली, मग आली. दरवर्षी ते तिचा नंबर काढत, आणि दरवर्षी ती शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचत असे. लग्नाच्या नव्या दिवसांत ती दुकानात त्यांच्या हाताखाली असायची. भिंतीवरच्या तक्त्यावर छडी ठेवून अक्षरं दाखवायचं काम तिचंच होतं.

तिला खुर्चीत बसवून ते तक्त्यापाशी गेले. तक्ता पुठ्ठ्याचा, दोन बाजूंचा. पुढे अक्षरं, मागे, वाचता न येणाऱ्यांसाठी, तीन दातांच्या फणीसारख्या खुणा, दात कुठल्या बाजूला ते हातानं दाखवायचं. चष्मेवाल्यांनी तक्ता उलटा करून टांगला.

"वाच," ते म्हणाले.

ती ताठ बसली. मान किंचित डावीकडे वळवली, अगदी सिनेमात वळवायची तशी.

"ग," ती म्हणाली. "ट, म. ल, प, न. ख, र, त, स."

एक अक्षर चुकली नाही. अगदी शेवटच्या, मुंगीएवढ्या ओळीपर्यंत गेली. तक्त्यावर एकही अक्षर नव्हतं.

चष्मेवाले खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसले. मधली नजर गेली की माणूस मान वळवतो, कडेच्या नजरेनं बघतो. बाकी चालता येतं, घर आवरता येतं. समोरचा चेहरा तेवढा दिसत नाही, अक्षर लागत नाही. डोळ्याच्या मागचा पडदा झिजतो, तिथं काचेचा नंबर कामाचा नसतो. अशी किती माणसं त्यांनी मान बघून ओळखली होती आणि मोठ्या दवाखान्यात धाडली होती. तिसऱ्या सिनेमापासून घरचंच माणूस शेजारी मान वळवून बसत होतं, आणि त्यांना दिसलं काय, तर घोषणावाल्याचं स्टूल.

"तक्ता उलटा आहे," ते म्हणाले.

मग तिनं सगळं सांगितलं. एक डोळा दोन वर्षांपूर्वीच गेला होता, दुसरा यंदा जात होता. बहिणीकडे जाते म्हणून ती दवाखान्यात जात होती, इंजेक्शनं घेऊन झाली, डॉक्टरांनी आता हात टेकले होते. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही रोज मला या खुर्चीत बसवलं असतं, ती म्हणाली, एकेक भिंग लावून बघितलं असतं, आणि तुमचं तोंड मला बघवलं नसतं. ते तोंड मला अजून दिसत होतं तेव्हाची गोष्ट.

"आणि ते शेवटून?" चष्मेवाल्यांनी विचारलं. उत्तर त्यांना कळलं होतं. तरी विचारलं.

"पहिले पाच मला पाठ आहेत हो. आंधळी झाले तरी दिसतील. पुढचे चार बघायचे राहिले होते, लग्न झालं म्हणून. मी म्हटलं, वाचता येतंय तोवर बघून घ्यावेत. सुरुवातीला खालच्या ओळी लागत होत्या मला. चांगले तीन महिने लागत होत्या."

तीन महिने. नववा, आठवा, सातवा. चष्मेवाल्यांनी बोटांवर मोजले नाहीत, पण मोजले.

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस? मी उभा राहिलो तेव्हा?"

"तुम्ही इतक्या तावातावानं बोललात. मला वाटलं, यांना खरंच पहिल्यापासून बघायचेत. कधी नव्हे ती कशाची तरी आवड लागली. कशाला मोडता घालायचा?"

आता मात्र चष्मेवाल्यांना राहवलं नाही. त्यांनी सांगून टाकलं, सगळं, घोषणावाल्याचं स्टूल आणि मिठाच्या गुळण्या धरून. मला त्याचा हेवा वाटला, म्हणून मी हात वर केला. माझ्या एका हातानं तुझे सिनेमे गेले. ती ऐकत राहिली. गुळण्यांपाशी तिला हसू आलं, मग डोळ्यांना पदर लावला.

"होतं का काही तुमचं?" त्यांनी विचारलं. एवढं झाल्यावरही विचारलं. माणूस सुधारायला वेळ लागतो.

"आवाज होता त्यांचा," ती म्हणाली. "चांगला होता." आणि उठून, भिंतीला हात लावत, बाहेर गेली.

सातव्या सिनेमाच्या आदल्या दिवशी चष्मेवाले जेवण अर्धवट टाकून म्हणाले, की घोषणावाल्यांना सांगतो, तुझ्या शेजारी बसून वाचतील. हे एवढं वाक्य त्यांनी कसं उच्चारलं ते त्यांचं त्यांना ठाऊक.

"का?" ती म्हणाली. "तुम्हाला वाचता येत नाही?"

शनिवारी ते दालनात गेले, तर सगळ्यात मागे, दाराजवळ, इतरांपासून हातभर लांब दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या. घोषणावाल्यांनीच मांडल्या होत्या. कोणी त्यांना काही सांगितलं नव्हतं. याला कसं कळलं, आपल्याआधी कसं कळलं, म्हणून चष्मेवाले पुन्हा धुमसले. तरी त्यांनी लांबूनच मान लववली, आणि तिकडूनही मान लवली.

ते वाचू लागले. बाई काय, बाप्या काय, म्हातारा काय, सगळ्यांचे संवाद एकाच सपाट आवाजात, कानाशी. कधी ओळ सुटायची, कधी दोन माणसं एकदम बोलली की त्यांची भंबेरी उडायची, आणि ती दंडाला चिमटा काढून विचारायची, हे कोण बोललं? सातवा तसा गेला. आठवा जरा बरा गेला. मधे मधे पुढच्या रांगेतलं कोणी मागे वळून बघे, आणि घोषणावाल्यांकडे नजर गेली की परत पुढे बघे.

नवव्यात माणसं जवळजवळ बोलतच नव्हती. दोन म्हातारी माणसं, एक खोली, एक खिडकी. वाचायला काही नसलं की ती विचारी, आता काय चाललंय, आणि चष्मेवाले सांगत: तो उठला. खिडकीपाशी गेला. ती विणतेय. पहिल्या सिनेमांत तिचे ओठ सगळ्यांच्या आधी हलायचे. आता ते मिटलेले होते आणि चष्मेवाले बोलेपर्यंत ती तशीच थांबून राहायची. आपल्याशिवाय तिनं दुसऱ्या कोणाचं ऐकू नये, हेच तर त्यांना हवं होतं. असं नको होतं.

पडद्यावरचा म्हातारा बऱ्याच वेळानं काहीतरी बोलला. चष्मेवाल्यांनी वाचलं. मग त्यांच्या तोंडून आपसूक निघून गेलं, दुकानातल्यासारखंच, सपाट आवाजात:

"पहिलं बरं की दुसरं?"

तिला समजलं, कोणाच्या आवाजाबद्दल ते. ती काळोखात हसली.

"परत एकदा वाचा," ती म्हणाली.

पण ओळ तोवर पुसली गेली होती. चष्मेवाल्यांना ती पाठ नव्हती. ते क्षणभर पडद्याच्या रिकाम्या तळाकडे बघत राहिले, आणि मग आठवतं तसं, आपल्या शब्दांत त्यांनी सांगितलं:

"खिडकी लावून घेतो म्हणाला. तुला गार लागेल म्हणाला."

तिचे ओठ हलले. त्यांच्या मागून, सावकाश, एकेक शब्द.